पाणवठा आणि पेठेतील बातमी

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला, तेव्हापासून या व्यासपीठावर राज्यकारभार, धर्मसुधारणा, अर्थकारण, विज्ञान अशा थोर विषयांचा ऊहापोह होत आला आहे. त्या मानाने आम्ही निवडलेला विषय अगदीच घरगुती आहे. पुण्याच्या जुन्या पेठेत राहणाऱ्या माणसास आसपासची बातमी कशी कळत असे, एवढाच तो प्रश्न आहे.

बातमी म्हटली की डोळ्यांपुढे वर्तमानपत्र उभे राहते. परंतु कोठल्या देशाचे मंत्रिमंडळ गडगडले या बातमीने आपला मंगळवार काही निराळा होत नाही. आज पाणी किती वाजता येणार, मंडईत मेथी कशी आहे, काल रात्री वरच्या मजल्यावरील आजोबांना रुग्णालयात नेले त्यांचे काय झाले, मॅट्रिकचा निकाल उद्या लागणार हे खरे का, या बातम्यांनी दिवस बदलतो. अशा बातम्यांचा माग काढू लागल्यावर आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. पेठांतील बातमी ही बहुतकरून पाण्याच्या मागोमाग हिंडलेली आहे. पाणी जेथे भरावे लागे तेथे ती मिळे, आणि पाण्याची जागा बदलली की तीही आपले ठाणे हलवी.

हे कसे, ते समजण्यासाठी पुण्याचे पाणी थोडे पाहावे लागेल. कसबा ही येथील सर्वांत जुनी वस्ती. पेशवाईत तिच्या भोवती पेठा वाढल्या. शुक्रवारचे आधीचे नाव विसापूर. पुढे काही पेठांना वारांची नावे मिळाली, सदाशिव पेठेस सदाशिवरावभाऊंचे आणि नारायण पेठेस नारायणरावांचे. माणसे वाढली आणि नदीचे व घरोघरच्या आडांचे पाणी पुरेनासे झाले. तेव्हा नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७४९ च्या सुमारास, शहराच्या दक्षिणेस कात्रजला तलाव बांधून तेथून भुयारी नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणण्याचे काम हाती घेण्यात आले. यांत पंप नाही, चाक नाही. कात्रज उंच आणि गाव सखल, एवढ्या एका गोष्टीवर सारी योजना उभी. नळ म्हटले तरी तो लोखंडी नव्हे. चुन्यात बांधलेला, माणसाला आत उतरून सफाई करता येईल एवढा तो मार्ग होता. कोंडलेली हवा निघून जावी, गाळ खाली बसावा आणि माणसास आत उतरता यावे म्हणून वाटेत ठिकठिकाणी बांधलेल्या मनोऱ्यांस ‘उच्छ्वास’ असे मोठे सुंदर नाव होते. गावात आल्यावर हे पाणी हौदांत पडे. फडके हौद, साततोटी, नाना हौद, बदामी हौद ही त्यांतलीच नावे. यांतील काही हौद केव्हाच लोपले, तरी चौकास नाव राहिले आहे आणि रिक्षावाल्यास ते सांगितले की तो बिनचूक नेऊन सोडतो.

हौदावर गर्दी असे आणि गर्दीत खोळंबा असे. घागर भरायची, ती काठावर ठेवायची, पुढची बुडवायची, मागचीने घाई करायची. बातमीला दुसरे काय हवे असते? थांबावे लागण्याचे कारण आणि तोंडओळख, एवढे मिळाले की ती पुरते. सरकारी बातमीही गावात येई, पण ती दवंडीने. दवंडी पिटणाऱ्यास उलट प्रश्न विचारण्याची सोय नसे. हौदावर सोय होती. तेथे कोणी काही सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘कोण म्हणालं?’ हा प्रश्न आम्ही आमच्या लहानपणापर्यंत ऐकला आहे आणि आमच्या मते पेठेची सारी वृत्तव्यवस्था त्या दोन शब्दांवर उभी होती. बातमी सांगणाऱ्यास नाव द्यावे लागे. ते नाव नसेल तर ‘मग राहू दे’ असे म्हणून घागर उचलण्यात येई.

इतके वाचून कोणास वाटेल की हौद म्हणजे गावाची लोकसभाच होती. तसे मुळीच नव्हते. ज्यांस गाव अस्पृश्य म्हणे त्यांना हौदास हात लावण्याची बंदी होती, आणि ज्यास हौद नाही त्यास हौदावरची बातमीही नाही. त्यांच्या घरचे बाळंतपण, त्यांच्या घरचा ताप, त्यांच्यावर झालेला जुलूम हे हौदावर कधी ‘कळलेच’ नाही. कळले असते तर काही करावे लागले असते. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. त्या कृत्याची थोरवी आपण पाण्याच्या अंगाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण आम्हांस वाटते की त्या दिवशी पाण्याबरोबर आणखीही काही खुले झाले. एका काठावर उभे राहून एकमेकांची विचारपूस करण्याचा तो हक्क होता. गंज पेठेचे नाव आता महात्मा फुले पेठ आहे, त्यांचे घर स्मारक झाले आहे, आणि तो हौद तेथे आजही पाहावयास मिळतो. शाळेच्या सहली येतात. मुले वाकून आत पाहतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठेवर खडकवासल्याचे धरण झाले, कालव्याने पाणी शहराच्या उशाशी आले आणि तेथून लोखंडी नळांनी पेठांत पोचू लागले. १८५७ साली स्थापन झालेल्या नगरपालिकेचे हे मोठेच काम. हळूहळू हौदावरची गर्दी ओसरून वाड्यांत शिरली. तिच्याबरोबर बातमीही दिंडीदरवाजातून आत आली.

आमचे बालपण कसब्यातील अशाच एका वाड्यात, नदीच्या अंगाला गेले. बिऱ्हाडे सतरा, चौकात एक नळकोंडाळे आणि त्याला तोट्या दोन. पहाटे ‘नळ आला!’ अशी हाक उठे आणि सतरा दारांच्या कड्या एकदम वाजत. पाणी दोन तास टिके. हंडे, कळश्या, बंबाच्या बादल्या असे सारे नंबराने लागे, आणि त्या दोन तासांत त्या दिवसाचे वर्तमान पुरे होई. कोणाकडे पाहुणे येणार आहेत आणि म्हणून कोणाकडून दोन गाद्या मागवाव्या लागतील. कोणाचे पत्र आले. कोणाला तार आली. तार म्हणजे बहुधा वाईटच, अशी समजूत होती आणि पोस्टाचा माणूस ओट्यावर चढला की तोट्यांचे पाणी वाहते ठेवून बायका उभ्या राहत. (ती तारसेवा २०१३ साली बंद झाली. तिच्या भीतीने ज्यांची छाती धडधडली त्यांनाही त्या दिवशी चुकल्यासारखे वाटले.) महिनाअखेरीस कोणाकडे साखर संपली आहे हे नळावर सर्वांना ठाऊक असे, आणि वाटी घेऊन जाणाऱ्या मुलास ‘कशाला हवी’ हे कोणी विचारीत नसे. बातमीचा हा उपयोग आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

आता दुसराही सांगितला पाहिजे, कारण त्यात आमचा हात आहे. आमच्या वाड्यात मागच्या सोप्यात एक मुलगी राहत असे. मॅट्रिक होऊन ती संध्याकाळी टंकलेखनाच्या वर्गाला जाऊ लागली होती. घरात मिळवते कोणी नव्हते. नोकरी लागली तर घर सावरेल असा हिशेब होता. एके दिवशी चौकाच्या कोपऱ्यावर ती कोणा तरुणाशी बोलताना आम्ही पाहिली. तो तिच्या वर्गातला होता आणि तिची वही परत करीत होता. आमचे वय आठ-नऊ वर्षांचे. दुसऱ्या दिवशी आईपाशी कळशी धरून उभे असताना आम्ही ते सहज बोलून गेलो. वहीचे सांगायचे राहिले. ‘कोण म्हणालं?’ हा प्रश्न त्या दिवशीही विचारला गेला, आणि आमचे नाव पुरेसे ठरले, कारण पोर खोटे कशाला बोलेल! आठवड्याच्या आत तिचा वर्ग बंद झाला. त्याच वर्षी तिचे लग्न उरकण्यात आले. पुढे तीसएक वर्षांनी एका कार्यात तिची गाठ पडली. आम्ही धीर करून तो विषय काढला. तिने तो काढू दिला. मग म्हणाली, “माझा स्पीड चाळीसच्या वर गेला होता, माहीत आहे का तुला?” आणि पंगतीत वाढायला निघून गेली.

वाड्याचे प्रेमळ वर्णन करणारे लेख आम्हीही आवडीने वाचतो. त्यांत ही बाजू सहसा येत नाही, म्हणून येथे लिहिली.

बातमीची ही साखळी संकटात कशी वागे, याचे जुने उदाहरण प्लेगचे आहे. १८९७ साली रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरे तपासण्यास सुरुवात केली, तेव्हा तपासणीची टोळी कोणत्या आळीत शिरली आहे याची वर्दी पुढच्या आळीस आधी पोचे. देवघरात बूट घालून शिरणाऱ्या शिपायांपासून घराची अब्रू वाचविण्यास ही वर्दी उपयोगी पडली. पण तिच्याच जोरावर आजारी माणसे दडविली गेली आणि रोग घरातल्या घरात पसरण्यास वाव मिळाला, हेही तितकेच खरे. जुलमी सरकारवर विश्वास कसा ठेवावा, हा त्या लोकांचा प्रश्न खोटा नव्हता. तरी पिसवांना आणि उंदरांना सरकार कोणाचे हे कळत नाही.

छापील बातमी या सर्वांत कोठे बसते? पुण्यास ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघू लागला, ‘केसरी’ १८८१ पासून आणि ‘सकाळ’ १९३२ पासून. पण पत्र घेणारे घर वाड्यात एखादेच असे आणि वाचणारे सर्व. ओट्यावर बसून एकाने मोठ्याने वाचावयाचे, बाकीच्यांनी मध्येच टोकावयाचे, अशी रीत होती. म्हणजे छापील बातमीसही शेवटी कोणाच्या तरी तोंडातून यावे लागे. १९५३ साली पुण्यास आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. पुढे रेडिओवरील बातमीही खिडकीत उभे राहून ऐकण्याची सोय झाली.

या दोहोंच्या मध्ये पेठांनी आपले असे एक वर्तमानपत्र काढले होते. त्याचे नाव फळा. चौकाच्या कोपऱ्यावर, तालमीच्या किंवा गणेश मंडळाच्या भिंतीस एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर खडूने सभा, व्याख्याने, क्रिकेटचा धावफलक, निवडणुकीचे आकडे आणि निधनवार्ता लिहिल्या जात. जागा थोडी, त्यामुळे भाषा नेमकी. लिहिणारा कोण हे अक्षरावरून सर्वांस माहीत. आमच्या चौकातील फळा एक शिंपीकाम करणारे गृहस्थ लिहीत. एकदा त्यांनी एका वयोवृद्ध गृहस्थांची निधनवार्ता लिहिली. त्याच आडनावाचे दोघे जण त्या आळीत होते आणि गेले ते दुसरे. हयात गृहस्थ सकाळी दुधाचा तांब्या घेऊन निघाले, फळ्यापाशी थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि तसेच शिंप्याच्या दुकानात गेले. काय बोलणे झाले ते कोणी ऐकले नाही. तासाभरात त्याच फळ्यावर, त्याच अक्षरात आणि आधीइतक्याच मोठ्या खडूने लिहिले गेले : ‘सकाळची वार्ता चुकीची. गृहस्थ सुखरूप आहेत. लिहिणाऱ्यास क्षमा असावी.’ ती दुरुस्ती दोन दिवस पुसली नाही. पुढे बरीच वर्षे त्या शिंप्याकडे कपडे टाकताना गिऱ्हाइके ‘माप माझंच घ्या हो’ असे म्हणत आणि ते मुकाट्याने ऐकून घेत.

यानंतर १२ जुलै १९६१ हा दिवस येतो. पुण्यात त्या वर्षी जन्मलेल्यांनाही तो ठाऊक आहे. पानशेतचे धरण आंबी नदीवर नव्यानेच होत होते आणि त्या पावसाळ्यात प्रथमच भरत होते. धरणास धोका आहे हे ओळखून आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरण्याची शिकस्त केली. सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जलाशयात आले आणि पुढे खडकवासल्याचीही भिंत फुटली. मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. लकडी पूल बुडाला.

आमच्या वाड्यास ही बातमी दोनदा आली. प्रथम कोणी सायकलस्वार ‘धरण फुटलं, पाणी येतंय’ असे ओरडत बोळातून गेला. बायका तोट्यांपाशी होत्या. आजीने विचारले, “कोण होता तो?” कोणासच ओळखू आला नाही. कोणी हलले नाही; पोळ्या तव्यावर होत्या त्या तशाच चालू राहिल्या. थोड्या वेळाने आमच्याकडे रोज दूध घालणारे गवळीकाका आले. ते एरवी दिंडीत उभे राहून हाक मारीत. त्या दिवशी ते चपला घालून थेट चौकात आले आणि म्हणाले, “आजी, गोठा गेला. निघा.” एवढेच. दहा मिनिटांत सतरा बिऱ्हाडे रस्त्यावर होती. दुसऱ्या माणसाने पहिल्याहून अधिक काहीच सांगितले नव्हते. वाड्यातील सर्व माणसे वाचली ती त्या एका ओळखीवर, असे आम्ही कित्येक वर्षे अभिमानाने सांगत असू.

तो अभिमान अर्धवट होता, कारण दुसऱ्या दिवसाची गोष्ट आम्ही त्यात सांगत नसू. १३ तारखेस ‘पुन्हा पाणी आलं’ अशी आवई उठली आणि भेदरलेले लोक वाट फुटेल तिकडे, पुष्कळसे पर्वतीच्या बाजूस, धावत सुटले. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतले होते, पोरे हातची सुटत होती. आमच्याही घरातली माणसे धावली. पाणी आलेले नव्हते. या खेपेस सांगणारे अनोळखी नव्हते; शेजारीच शेजाऱ्यास सांगत होता. ‘कोण म्हणालं?’ हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. आदल्या दिवशी ते विचारण्यात वेळ गेला होता, हे प्रत्येकास आठवत होते.

खडकवासला गेल्याने शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा वाड्यांतील बुजत आलेल्या विहिरी आणि आड यांचा पुन्हा शोध सुरू झाला. रहाटांना नवे दोर लागले. आमच्या आळीत एका विहिरीस बरे पाणी होते, तेथे रांग लागे. आणि कोण कोठे आसऱ्यास आहे, कोणाचा माणूस सापडला, धान्य कोठे वाटतात, हे सारे त्या रांगेत कळे. आजी म्हणत, तिच्या लहानपणीचे दिवस परत आले. तिला त्यात आनंद होता असे नव्हे.

नंतरची हकिगत थोडक्यात सांगता येईल. पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगर, सहकारनगर अशा दूरच्या भागांत झाल्या आणि एका चौकातील बिऱ्हाडे चार दिशांस पांगली. जे वाडे पुरातून वाचले त्यांस काळाने गाठले. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडी होती तेथेच राहिली. भाडेकरूस संरक्षण मिळाले, ते हवेच होते, पण पाचदहा रुपयांच्या भाड्यात मालक वाशाला वासा तरी कोठून लावणार? वाडे खचत गेले आणि त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या. प्रत्येक घरात तोटी आली. तीन मजले कळशी वाहून ज्यांच्या कमरा गेल्या त्या स्त्रियांना हा बदल केवढा मोठा वाटला असेल हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. नळकोंडाळे परत यावे असे म्हणणाऱ्याने आधी ते स्वतः भरून पाहावे. फक्त थांबण्याचे कारण गेले, आणि त्यामुळे तोंडओळखही विरळ होत गेली.

बातमी मात्र थांबलेली नाही. तीही प्रत्येकाच्या घरात, प्रत्येकाच्या हातातल्या तोटीतून येते, दिवसभर येते. २०१९ साली स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना जमिनीखाली एक जुना बांधीव मार्ग लागला. दुपारपर्यंत आमच्या भ्रमणध्वनीवर ते पेशव्यांचे गुप्त भुयार झाले होते आणि रात्रीपर्यंत त्यातून घोडेस्वार जात असल्याचे कळले. जाणकारांनी पाहून सांगितले की हा जुन्या पाणीपुरवठ्याचा मार्ग असावा. ती दुरुस्ती आमच्यापर्यंत पोचावयास चार दिवस लागले आणि ती आणणारा एकच गृहस्थ होता. आम्ही ज्याच्याकडून घोडेस्वारांचे ऐकले त्याला विचारले, “हे कोण म्हणालं?” तो म्हणाला, “मला आलं, मी पुढे पाठवलं.”

आमच्या इमारतीतील बारा घरांचा असाच एक भ्रमणध्वनीवरील गट आहे. त्यात सुविचार येतात, वाढदिवस येतात, राजकारण येऊ नये असा ठराव असल्यामुळे ते थोडे उशिरा येते. परंतु सर्वांत अधिक वेळा येणारा मजकूर कोणता म्हणाल, तर तो पाण्याचा. ‘गुरुवारी पाणी बंद’, ‘आज कमी दाबाने’, ‘मोटर कोणी चालू ठेवली?’ गेल्या उन्हाळ्यात असाच एक निरोप आला की उद्यापासून दोन दिवस पाणी नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या आजी जिना चढून आमच्या दाराशी आल्या. त्यांच्याजवळ तो निरोप होताच. त्यांनी विचारले, “पण हे म्हणतंय कोण?” आम्ही गटात विचारून पाहिले. अकरा घरांतून ‘मलाही आलंय’ असे उत्तर आले. शेवटी पायांत चपला सरकवून आम्ही कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे गेलो. तो काही बोलला नाही. दुकानाच्या आत वळून त्याने भरून ठेवलेली दोन पिंपे दाखविली. आम्ही घरी येऊन बादल्या लावल्या.